घरट्यांची माहिती, नवे सभासद आणि ‘डिस्कोर्स’

चर्चागटासाठी संगणकप्रणाली निवडताना बहुतेक लोक ती दिसते कशी, मोबाइलवर चालते कशी आणि छायाचित्रे किती मोठी चढवता येतात एवढेच पाहतात. नव्या सभासदाला ती आत कसे घेते आणि नको असलेल्याला बाहेर कसे ठेवते, हा प्रश्न गट भरल्यावर, म्हणजे बराच उशिरा पुढे येतो. नागपूर आणि परिसरातील पक्षिनिरीक्षकांचा जो गट आम्ही काही जण मिळून चालवतो, त्याच्यासाठी मात्र हाच प्रश्न पहिला होता आणि याच कसोटीवर आम्ही ‘डिस्कोर्स’ ही प्रणाली निवडली. तिचे हे परीक्षण स्पॅम आणि सभासदत्व या दोन बाबींपुरतेच आहे; रंगसंगती, मांडणी आणि इतर सोयींबद्दल अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे.

आमच्या गटात अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा तलावांवरच्या नोंदी येतात, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाटेवरची निरीक्षणे येतात, ओळख न पटलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे येतात. त्यांच्याबरोबर जे नको ते येते त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार उघड आहे: ताडोब्याच्या सफारीचे ‘शेवटचे दोन सीट’, रिसॉर्टची सवलत, जुन्या लेन्सची विक्री, तातडीचे कर्ज, शेअर बाजारातील हमखास नफा, ऑनलाइन सट्टा. हा कचरा त्रासदायक असला तरी ओळखू येतो. दुसरा प्रकार स्पॅमसारखा दिसतच नाही. कोणीतरी नम्र भाषेत, एखाद्या चांगल्या छायाचित्राचे कौतुक करून, हे घुबड नेमके कोणत्या झाडावर आहे असे विचारतो. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांचा चोरटा व्यापार वाढतो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरवला असला तरी घरट्याची खूण एकदा हातची गेली की कायदा मागाहून पोहोचतो. गोंदिया आणि भंडाऱ्यातील सारसांचेही तसेच आहे. भातखाचरात किंवा पाणथळीत साधारण दोन अंडी घालणाऱ्या या पक्ष्याच्या घरट्यापर्यंत छायाचित्रकारांचा घोळका पोहोचला, तरी तेवढ्याने तो हंगाम वाया जाऊ शकतो. म्हणून आमच्या दृष्टीने सभासदाची निवड हा पक्ष्यांच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

याआधी आम्ही ज्या सेवेवर होतो तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिची अडचण त्या जातीच्या बहुतेक साध्या गटांची अडचण आहे. तिथे संचालकाला दोनच मार्ग होते: दार सताड उघडे ठेवावे, किंवा प्रत्येक अर्ज आणि प्रत्येक संदेश स्वतः पाहून मग सोडावा. पहिल्या मार्गाने गट जाहिरातींनी भरला. दुसऱ्या मार्गाने संचालक थकले आणि एखाद्या नव्या मुलीने सकाळी सहा वाजता पाहिलेल्या नवरंगाची नोंद रात्री, सगळ्यांचा उत्साह ओसरल्यावर प्रसिद्ध होऊ लागली. व्हॉट्सॲपचा पर्याय अनेकांनी सुचवला. तिथे आता एका गटात १०२४ जण मावतात आणि नव्या सभासदाला मंजुरी देण्याची सोयही आहे. पण एकदा आत आलेल्याला इतर सभासदांचे मोबाइल क्रमांक दिसतात आणि आत आलेला प्रत्येक जण त्या क्षणापासून इतरांइतकाच अधिकारी होतो. आमच्यासारख्या गटाला नेमके हेच परवडत नाही.

डिस्कोर्सची सुरुवात २०१३ मध्ये जेफ ॲटवूड, रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांनी केली. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचा कोड सर्वांना खुला आहे. ज्याला सर्व्हर सांभाळता येतो त्याला ती विनामूल्य स्वतःकडे बसवता येते आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी सशुल्क सेवा आहे. तिच्या सभासद-व्यवस्थेचा गाभा म्हणजे विश्वास पातळ्या. शून्य ते चार अशा या पाच पातळ्या आहेत. नवा सभासद शून्य पातळीवर येतो. त्याला लिहिता येते, प्रश्न विचारता येतो, उत्तर देता येते; दारात कोणी परीक्षा घेत नाही. मात्र त्याच्या हातात सुरुवातीला थोडेच असते. मूळ मांडणीत, म्हणजे संचालकांनी कोणताही आकडा बदललेला नसताना, तो एका संदेशात एखादेच छायाचित्र आणि दोनच दुवे देऊ शकतो, इतरांना खासगी संदेश पाठवू शकत नाही, पहिल्या दिवशी ठरावीक संख्येपलीकडे विषय सुरू करू शकत नाही. त्याने पाच विषय उघडले, तीस संदेश वाचले आणि वाचनात एकूण दहा मिनिटे घालवली की तो आपोआप पहिल्या पातळीवर जातो आणि यातली बरीच बंधने गळून पडतात. दुसऱ्या पातळीसाठी पंधरा वेगवेगळ्या दिवशी भेट, शंभर संदेशांचे आणि तासाभराचे वाचन, निदान तीन निरनिराळ्या विषयांत उत्तरे, आणि एक तरी पसंती (‘लाइक’) दिलेली व एक मिळालेली, एवढे लागते. तिसरी पातळी शेवटच्या शंभर दिवसांच्या सहभागावर मोजली जाते आणि सहभाग कमी झाला की ती परतही जाते. चौथी पातळी मात्र यंत्र देत नाही; ती संचालकांनी हाताने द्यायची असते.

या रचनेचे मोल मला फार वाटते, आणि त्याचे कारण तिने वाचनाला दिलेला मान हे आहे. बहुतेक ठिकाणी जो जास्त लिहितो तो मोठा होतो. इथे पहिली पायरी निव्वळ वाचनाने चढता येते. पक्षिनिरीक्षणात बोलण्याआधी पाहणे शिकावे लागते, आणि गटातला चांगला नवखा सभासद पहिले काही आठवडे गप्प राहून जुन्या नोंदी चाळतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्याच्या या स्वभावाला त्रास न देता, उलट त्याचीच नोंद घेत त्याला पुढे नेणारी व्यवस्था मी आधी पाहिली नव्हती. जाहिरातदाराचे नेमके उलटे असते. त्याला वाचायला वेळ नसतो. दहा मिनिटे वाचणे त्याला परवडत नाही, कारण त्याचा धंदा शेकडो ठिकाणी एकच मजकूर टाकण्यावर चालतो. म्हणून ही अट खऱ्या माणसाला जाणवतही नाही आणि जाहिरातदाराला आड येते.

त्याच्यासाठी आणखीही अडथळे पेरलेले आहेत आणि त्यातले काही फार विचारपूर्वक केलेले आहेत. नव्या सभासदाचा पहिलाच संदेश तीन सेकंदांहून कमी वेळात ‘टाइप’ झाला तर तो प्रसिद्ध न होता तपासणीच्या रांगेत जातो, कारण इतक्या वेगात माणूस लिहीत नाही, यंत्र चिकटवते. नवख्याने वारंवार एकाच संकेतस्थळाचे दुवे दिले तर त्याला अडवले जाते. संचालकांनी एखाद्या स्पॅम पाठवणाऱ्याचे खाते काढून त्याचा ईमेल पत्ता रोखला, तर त्या पत्त्याशी एक-दोन अक्षरांचाच फरक असलेला पत्ताही नोंदणीच्या वेळी रोखला जातो. पत्त्याच्या शेवटचा आकडा बदलून परत येण्याची जुनी युक्ती त्यामुळे चालत नाही. खालच्या पातळ्यांवरील सभासदांच्या दुव्यांना ‘नोफॉलो’ ही खूण लावलेली असते. शोधयंत्रांनी त्या दुव्यांना वजन देऊ नये यासाठी ही खूण २००५ मध्ये प्रचारात आली. शोधनिकालांत वर चढण्यासाठी जे लोक दुवे पेरत फिरतात त्यांचा इथला लाभ तिने काढून घेतला जातो.

यापैकी मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट मात्र संपादनाच्या मुदतीची आहे. हल्ली अनुभवी स्पॅमवाले लगेच जाहिरात टाकत नाहीत. ते आधी एक निरुपद्रवी वाक्य लिहितात, ‘फारच माहितीपूर्ण नोंद, धन्यवाद’ अशा धर्तीचे, आणि आठवडाभराने, ती चर्चा कोणी पाहत नसताना, त्याच वाक्यात दुवा घुसवतात. डिस्कोर्समध्ये शून्य आणि पहिल्या पातळीच्या सभासदाला स्वतःचा संदेश मूळ मांडणीनुसार चोवीस तासच बदलता येतो आणि झालेला बदल इतिहासात दिसतो. एवढ्या साध्या नियमाने तो सारा प्रकार निष्फळ होतो. अशी कौतुकाची वाक्ये आता यंत्राकडून निर्दोष मराठीतही लिहून मिळतात, म्हणून शुद्ध भाषा ही खऱ्या माणसाची खूण राहिलेली नाही. आमच्या गटात आम्ही दुसरीच खूण पाहतो: त्या वाक्यात पक्ष्याचा, जागेचा किंवा वेळेचा उल्लेख आहे का. ज्याने नोंद खरोखर वाचली त्याच्या प्रतिसादात यांपैकी काहीतरी येतेच.

मूळ मांडणीतले आकडे जसेच्या तसे ठेवू नयेत, असा माझा आग्रह आहे, आणि याचे ठळक उदाहरण नोंदणीच्या जागी सापडते. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट-जोडणीच्या एकाच क्रमांकावरून, शून्य पातळीची तीन खाती आधीच असतील तर डिस्कोर्स पुढची नोंदणी थांबवते. ज्या देशांत प्रत्येक घराला स्वतःचा आयपी पत्ता असतो तिथे हा नियम योग्यच आहे. आपल्याकडे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, आणि महाविद्यालयाच्या किंवा अभ्यासिकेच्या वायफायवरचे सगळे विद्यार्थी बाहेरून एकच दिसतात. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. एखाद्या महाविद्यालयाची तुकडी त्या दिवसांत तलावावर येते, संध्याकाळी एकाच खोलीत बसून नोंदणी करते, आणि चौथ्या विद्यार्थ्यापासून सगळ्यांना नकार मिळतो. म्हणून आमच्याकडे ही मर्यादा पक्षी सप्ताहाच्या आधी वाढवली जाते आणि नंतर पुन्हा खाली आणली जाते. त्याच कारणाने कोणाचा आयपी पत्ता कायमचा रोखण्याचे बटण आपल्याकडच्या संचालकांनी शक्यतो वापरू नये. रोखलेला पत्ता उद्या दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलला मिळालेला असतो आणि निरपराध माणसाला दार का बंद आहे ते कळतही नाही.

तीन सेकंदांच्या नियमाचीही एक बाजू पाहिली पाहिजे. आमचे काही ज्येष्ठ सभासद नोंद आधी दुसरीकडे, टिपणवहीच्या ॲपमध्ये सावकाश लिहून घेतात आणि मग इथे आणून चिकटवतात. यंत्राच्या दृष्टीने ते सर्वांत वेगवान लेखक ठरतात. त्यांचा संदेश रांगेत अडकणे हा दोष म्हणता येणार नाही, पण रांग पाहणारा कोणी नसेल तर तो त्या माणसाचा अपमान ठरतो. आम्ही स्वागताच्या संदेशातच एक वाक्य घातले आहे की पहिली नोंद कधीकधी तपासणीसाठी थांबते आणि त्यात नोंद करणाऱ्याची काही चूक नसते. त्या एका वाक्याने बरेच गैरसमज टळले.

शब्दांवर आधारलेली चाळणी ही सोय मराठी गटांनी काळजीपूर्वक समजून घ्यावी. संचालक नजरेखालच्या शब्दांची यादी देऊ शकतात आणि त्या शब्दाचा संदेश सरळ रोखावा, तपासणीला पाठवावा, शब्द झाकावा की पहिल्याच संदेशात तो आल्यास लिहिणाऱ्याला गप्प करावे, हे शब्दागणिक ठरवू शकतात. इंग्रजीसाठी ही यादी लहान पुरते. मराठीत शब्दाला प्रत्यय जोडून येतात, त्यामुळे ‘सफारी’ रोखले तरी ‘सफारीसाठी’ आणि ‘सफारीचे’ निसटतात. शब्दापुढे तारांकन दिले की हे पकडले जातात, पण जिथे प्रत्ययापूर्वी शब्दच बदलतो तिथे तारांकनही पुरत नाही. ‘भाडे’ दिल्याने ‘भाड्याने’ सापडत नाही, ‘पैसा’ दिल्याने ‘पैशांत’ सापडत नाही. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे भेद आणि रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी धरली की एकेका शब्दाची चार-पाच रूपे द्यावी लागतात. हे काम एकदा बसून करण्याचे आहे. यादी फाइलमधून भरता येते, म्हणून दोन गटांनी आपापल्या याद्या एकमेकांना दिल्या तर दोघांचेही कष्ट वाचतील. आमच्याकडे ‘सफारी’ हा शब्द रोखलेला नाही, तो फक्त तपासणीला पाठवतो, कारण जंगलात जाऊन आलेला प्रामाणिक सभासदही तोच शब्द लिहितो. सरळ रोखण्याच्या यादीत आम्ही केवळ सट्टा, कर्ज आणि हमखास नफा यांची भाषा ठेवली आहे, जिची या गटात कधीच गरज पडणार नाही.

यंत्र जे पकडत नाही ते सभासद पकडतात, आणि डिस्कोर्सने त्यांच्या तक्रारीला खरे वजन दिले आहे. कोणत्याही संदेशावर ध्वज लावून तो स्पॅम आहे, अनुचित आहे किंवा विषयाबाहेरचा आहे असे कळवता येते. पुरेशा सभासदांनी ध्वज लावला की संचालक झोपेत असले तरी संदेश झाकला जातो. तिसऱ्या पातळीच्या सभासदाने नवख्याच्या संदेशावर स्पॅमचा ध्वज लावला तर तो एकटाच पुरतो. नव्या खात्यावर वेगवेगळ्या सभासदांनी असे ध्वज लावले तर ते खाते आपोआप गप्प केले जाते आणि संचालकांना कळवले जाते. मध्यरात्री सुरू होणारा जाहिरातींचा मारा यामुळे सकाळपर्यंत टिकत नाही. स्पॅमखेरीज इतर कारणाने झाकलेला संदेश लिहिणाऱ्याला सुधारून पुन्हा दाखवता येतो, ही गोष्ट मला विशेष आवडली. रागाच्या भरात लिहिलेल्या जुन्या सभासदाला आणि बाहेरून आलेल्या जाहिरातदाराला एकच वागणूक देणारे गट मी मोडताना पाहिले आहेत.

ध्वज लागलेले संदेश, थांबलेले पहिले संदेश आणि मंजुरीची वाट पाहणारी खाती हे सगळे एकाच रांगेत येते. रांगेतल्या प्रत्येक नोंदीशेजारी ती तिथे का आली याचे कारण लिहिलेले असते. नुसते ‘संशयास्पद’ असे सांगणाऱ्या सेवांच्या तुलनेत हा मोठा फरक आहे, कारण कारण समोर असले की निर्णय घेणारा शिकतो, आणि आमच्यातल्या नव्या नियंत्रकांना वेगळे प्रशिक्षण द्यावे लागले नाही. स्पॅम पाठवणाऱ्याचे खाते, त्याचे सगळे संदेश आणि त्याचा पत्ता एकाच कृतीत हटवता येतो. जुन्या किंवा पुष्कळ लिहिलेल्या सभासदाचे खाते मात्र असे एका झटक्यात पुसू दिले जात नाही. घाईत चुकीचे नाव निवडले गेले तर होणारा अनर्थ त्यामुळे टळतो.

बाहेरच्या मदतीचेही पर्याय आहेत. २००५ पासून चालू असलेली ‘अकिस्मेट’ ही सेवा जोडली की नवख्यांचे संदेश तिच्याकडे तपासायला जातात. अलीकडे भाषिक प्रतिमानाकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, नव्या सभासदांचे पहिले संदेश तपासून घेण्याचीही सोय आली आहे. सर्वसाधारण विषयाच्या गटाला दोन्ही उपयोगी पडतील. आम्ही मात्र दोन्ही बंद ठेवल्या आहेत. त्यांचा उपयोग करायचा तर संदेश दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवावा लागतो, आणि ज्या संदेशात एखाद्या घरट्याची जागा असू शकते तो आमच्या हाताबाहेर जाऊ नये असे आम्हाला वाटते. हा निर्णय प्रत्येक गटाने स्वतःच्या मजकुराकडे पाहून घ्यावा.

आता ज्या कारणासाठी ही प्रणाली निवडली त्या घरट्यांच्या विभागाकडे वळतो. डिस्कोर्समध्ये प्रत्येक विभाग कोणाला दिसावा हे सभासदांच्या गटानुसार ठरवता येते आणि विश्वास पातळ्या हेही आपोआप तयार होणारे गटच असतात. त्यामुळे घरट्यांचा विभाग दुसऱ्या पातळीच्या खालच्या कोणाला दिसणारच नाही, अशी व्यवस्था करणे अगदी सोपे आहे. ज्याला परवानगी नाही त्याला तो विभाग अस्तित्वात आहे हेही कळत नाही. पुष्कळ गट इथेच थांबतील. तसे थांबू नये, असे मी कळकळीने सांगेन. विश्वास पातळी माणसाची सवय मोजते, त्याचा हेतू तिला मोजता येत नाही. पंधरा दिवस येऊन तासभर वाचणे जाहिरातदाराला परवडत नसले तरी ज्याला एका पिंगळ्याच्या ढोलीतून पैसे मिळणार आहेत त्याला ते सहज परवडते. म्हणून आम्ही वेगळा, हाताने भरायचा गट केला आहे. दुसरी पातळी ही त्यासाठी केवळ अर्ज करण्याची अट आहे. अर्जात कारण लिहावे लागते, आणि आमच्यापैकी दोघांनी त्या व्यक्तीबरोबर प्रत्यक्ष निरीक्षणाला गेल्याशिवाय मंजुरी दिली जात नाही. अर्ज मागवण्याची, कारण विचारण्याची आणि गटाच्या प्रमुखांनी तो मंजूर करण्याची सोय प्रणालीतच आहे; प्रत्यक्ष भेटीची अट अर्थात आमची आहे. एवढे करूनही नेमकी जागा लिहू नये आणि घरटे रिकामे झाल्यावरच नोंद करावी, हा नियम कायम ठेवला आहे. ‘ई-बर्ड’सारखा जगभर वापरला जाणारा नोंदसंग्रहही धोक्यात असलेल्या काही जातींची ठिकाणे सर्वांना दाखवत नाही, तेव्हा आमची ही खबरदारी कोणाला अतिरेकी वाटू नये.

या सगळ्यात डिस्कोर्सचे खरे श्रेय असे की उघड स्पॅमचा निकाल ती बहुतांशी आमच्याविना लावते. पूर्वी जो वेळ कर्जाच्या जाहिराती पुसण्यात जात असे तो आता माणसे ओळखण्यात जातो, आणि या गटाला त्याचीच गरज होती.

नोंदणीच्या वेळी स्वतःचे प्रश्न विचारण्याची सोय आहे आणि ती वापरण्याचा मोह आवरावा. आम्ही दोनच गोष्टी विचारतो: साधारण कोणत्या भागात निरीक्षण करता आणि अलीकडे पाहिलेला एखादा पक्षी कोणता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरोबर असण्याची अपेक्षा नाही. ‘आमच्या गल्लीतला भारद्वाज’ हे उत्तर लिहिणारा माणूस खरा असतो, आणि यंत्र किंवा घाईतला जाहिरातदार इथे हमखास काहीतरी असंबद्ध लिहितो. पत्ता, व्यवसाय, जन्मतारीख असे काही मागू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे की ज्या कामासाठी माहिती हवी तेवढीच घ्यावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हा विषय गंभीरपणे घ्यावा. शाळकरी मुलांची खाती आम्ही उघडत नाही. पालकांनी खाते उघडून मुलांच्या नोंदी टाकाव्यात असे सांगतो.

एक मर्यादा मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे. वाचन संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये झाले तरच मोजले जाते. ज्यांना सगळे संदेश ईमेलने येतात आणि जे तिथेच वाचून ईमेलनेच उत्तर देतात, त्यांची पातळी आपोआप वाढत नाही. आमच्या गटातले काही सर्वांत जाणते लोक असेच वाचतात. रेल्वेतून किंवा वनखात्यातून निवृत्त झालेले, चाळीस वर्षांच्या नोंदवह्या असलेले हे सभासद यंत्राच्या लेखी नवखेच राहतात आणि त्यांच्या संदेशावर दोनच दुव्यांचे बंधन पडते. त्यावर उपाय आहे: संचालक कोणाचीही पातळी हाताने वाढवून ती कुलूपबंद करू शकतात. पण तो उपाय संचालकांनी स्वतः आठवणीने करायचा असतो, आणि ज्येष्ठ माणूस अशी तक्रार स्वतःहून करत नाही. नवा गट सुरू करणाऱ्याने हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे.

संचालकांच्या कायदेशीर जबाबदारीबद्दल नागपुरात नेहमी विचारले जाते, कारण त्याबाबतचा एक महत्त्वाचा निकाल इथलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असे म्हटले की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल तर, केवळ गटप्रमुख आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. तो खटला व्हॉट्सॲप गटाचा होता, जिथे गटप्रमुखाच्या हाती सभासद घेणे आणि काढणे याहून फारसे काही नसते. डिस्कोर्सवर संचालकाला संदेश थांबवता, बदलता आणि पुसता येतो आणि सर्व्हरही अनेकदा त्याचाच असतो. म्हणून त्या निकालाचा आधार इथे जसाच्या तसा मिळेल असे गृहीत धरू नये आणि ध्वज लागलेला मजकूर रांगेत पडून राहू देऊ नये. आर्थिक फसवणुकीचा संदेश आढळला तर आम्ही तो पुसण्याआधी त्याची प्रत ठेवतो आणि ज्याला फटका बसला त्याला १९३० या मदत क्रमांकावर तातडीने कळवायला सांगतो.

स्वतःच्या सर्व्हरवर ही प्रणाली बसवण्यासाठी निदान एक जीबी स्मृती असलेला सर्व्हर, स्वतःचे डोमेन आणि ईमेल पाठवणारी विश्वासार्ह सेवा लागते. प्रणाली तयार गठ्ठ्यातून बसवून देणाऱ्या ‘डॉकर’ या साधनामुळे बसवणे सोपे झाले आहे. ईमेलचा भाग मात्र नवशिक्याला दमवतो. नोंदणीचा पुष्टी-ईमेल सभासदाच्या स्पॅमच्या कप्प्यात गेला तर सगळी सभासद-व्यवस्था तिथेच अडते, म्हणून ईमेल खरोखर आपल्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी नीट केल्याशिवाय गट खुला करू नये. सशुल्क सेवा घेतल्यास हा व्याप वाचतो, पण शुल्क डॉलरमध्ये असते आणि वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला ते सहज झेपत नाही.

ज्यांचा गट पन्नास-साठ परिचितांचा आहे आणि नवे कोणी येण्याची अपेक्षा नाही, त्यांनी डिस्कोर्सच्या वाटेला जाऊ नये. पातळ्या, ध्वज आणि रांगा हा सारा पसारा त्यांना जड होईल आणि व्हॉट्सॲप त्यांच्यासाठी पुरेसे आहे. ज्यांच्याकडे रांग दररोज पाहणारी निदान दोन माणसे नाहीत, त्यांनीही आधी ती माणसे शोधावीत. ज्यांचा गट अनोळखी लोकांसाठी उघडा आहे, ज्यांच्या चर्चा काही वर्षांनीही शोधून वाचल्या जाव्यात अशा आहेत, आणि ज्यांच्याकडे सर्वांना दाखवता येणार नाही अशी थोडी तरी माहिती आहे, त्या सर्व मराठी गटांना मी ही प्रणाली निःशंकपणे सुचवतो. विदर्भातल्या अशा कोणत्याही निसर्गगटाला आमची शब्दयादी आणि बदललेल्या आकड्यांची नोंद हवी असल्यास ती आनंदाने देऊ.